काका, तुम्ही पाठ फिरवलीत म्हणून

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही 'अगं, रिटायर माणसाला दुसरं काय काम' म्हणत खिशात गाडीची किल्ली शोधायला लागता. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. निसटून दाखवा.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. इथे ॲरिझोनात काही शाळा बजेटमधली थोडी रक्कम मुलांच्या हाती सोपवतात. फिनिक्सच्या बायोसायन्स हायस्कूलनं 2013 मध्ये सुरुवात केली, मग इतर शाळा आल्या. काय घ्यायचं ते मुलंच सुचवतात, किंमत काढतात, प्रचार करतात, मत देतात. जिंकेल ते शाळेत येतं. तुम्ही पहिल्याच भेटीत ऐकवलंत की हे मूळ ब्राझीलचं, पोर्तो अलेग्रे शहरातलं, 1989 पासूनचं, आणि आमच्या पुण्यातही महापालिका 2006 पासून लोकांकडून कामं मागवते. वर तुमच्या भावानं अर्ज भरून गल्लीत बाक कसा बसवून घेतला तेही.

आमच्या लेकीचा प्रस्ताव होता कॅफेटेरियात मायक्रोवेव्ह ठेवायचा. डबा नेणारी मुलं रोज गार जेवतात, एवढंच तिचं म्हणणं. मदतीला तिनं आधी आपल्याच लोकांना विचारलं. एका घरी उत्तर मिळालं, "कॉलेजप्रवेशाची एसएटी परीक्षा कधी देणारेस? पोस्टरं रंगवून कॉलेज मिळत नाही." दुसऱ्या घरी, "डब्याचा विषय काढूच नकोस गं, वासावरून चिडवतील." गणपतीत 'आपली पुढची पिढी' म्हणत ज्यांच्या हातून माइक सुटत नाही, तीच ही मंडळी. असो. खरं तर असो कशाला? चांगलं लक्षात आहे माझ्या.

तुम्ही तिचं भाषण अख्खं ऐकलंत आणि एकच प्रश्न विचारलात, "जो डबाच आणत नाही, त्यानं तुला मत का द्यावं?" पोरगी रडकुंडीला आली. घरी येऊन तुमच्यावर फणफणली. मग डब्यात तामालेस, म्हणजे मेक्सिकन पद्धतीचे वाफवलेले मक्याचे रोल, आणणाऱ्या मुलींच्या टेबलावर जाऊन बसली, संध्याकाळी प्रॅक्टिसला थांबणाऱ्या बास्केटबॉलच्या पोरांना गाठलं. भूक त्यांनाही लागतेच. पोस्टरवरचं भलंमोठं घोषवाक्य गेलं आणि तिथे किंमत आली, कारण तुम्ही म्हणालात, "मागतेस ना, मग किती मागतेस ते आधी सांग."

पण हे सगळं एखाद्या चांगल्या शिक्षकानंही केलं असतं. मला लिहायचंय ते मतदानाच्या दिवसाबद्दल.

शाळेच्या जिममध्ये काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, खरे मतदानाचे बूथ मांडले होते. तुम्ही टेबलाशी, मी पाण्याच्या बाटल्या वाटायला. आमच्या घराचं तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, लेक त्यावर अवलंबून असलेल्या एच-फोरवर, ग्रीन कार्डची रांग अशी की त्याआधी तिची एकविशी येईल आणि एच-फोरही सुटेल. निवडणूक आली की दारात माणसं येतात, आम्हाला मत नाही म्हणून आम्ही हसून दार लावतो. ते बघतच ती मोठी झाली. इथे सोळाव्या वर्षापासून मतदान केंद्रावर काम करता येतं, पण त्यालाही नागरिकत्व लागतं. मैत्रिणी गेल्या, ही घरी. म्हणून त्या दिवशी यादी धरून बसलेल्या मुलाला तिनं हळूच विचारलं, "सगळ्यांना आहे ना? नक्की?" होतं. शाळेत नाव आहे, एवढं पुरे होतं.

मतपत्रिका भरून ती बाहेर आली ती थेट तुमच्याकडे. कागद उघडाच. "काका, गोल नीट भरलाय ना?" आणि तुम्ही, दुखऱ्या गुडघ्यानं खुर्चीतून उठून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. "मला दाखवायचं नाही. तुझं आहे ते. आईलासुद्धा नाही."

मागची पोरं खिदळली. तीही हसली. कागद दुमडला, पेटीत टाकला. तो पडल्याशिवाय तुम्ही वळला नाहीत.

काका, या मुलीचं सगळं आम्ही बघतो. मार्क, फोन, कुठल्या मैत्रिणीकडे किती वाजेपर्यंत. इमिग्रेशनच्या फायलीत तर जन्मदाखल्यापासून तिचा एकेक कागद कोणी ना कोणी तपासलाय. या देशात टेबलामागच्या माणसानं तिच्या हातातला कागद बघायला नकार दिला, असं पहिल्यांदाच झालं. मी बाटल्यांच्या खोक्यामागे जाऊन डोळे पुसले.

आणि तुम्ही म्हणजे कोण? मतदान केंद्रावर काम करणारे. 2020 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर आपल्या मॅरिकोपा काउंटीत, फिनिक्स जिच्यात येतं तिथे, निवडणुकीचं काम करणाऱ्यांना धमक्या यायला लागल्या. 2021 मध्ये राज्याच्या सिनेटनं खासगी कंपनी बोलावून सुमारे 21 लाख मतपत्रिका पुन्हा मोजून घेतल्या, निकाल होता तोच राहिला. तेव्हा काकूंनी हात जोडून सांगितलं होतं, घरी बसा. पुढच्या निवडणुकीला तुम्ही पुन्हा केंद्रावर हजर, डब्यात पोहे घेऊन. अशा माणसांना कोणी शाल-श्रीफळ देत नाही. जगाचं मात्र त्यांच्यावर चाललेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मायक्रोवेव्ह हरला. पाण्याच्या बाटल्या भरायचं यंत्र जिंकलं, आणि इथल्या उन्हात ते बरोबरच आहे. येताना गाडीत मी सहज विचारलं, "तू मायक्रोवेव्हलाच दिलंस ना?" तर म्हणाली, "आई, ते माझं आहे." हे तुमचंच शिक्षण. आता रोज हे वाक्य ऐकावं लागतंय, फोन मागितला तरी, त्याचा हिशेब वेगळा करू.

रविवारी घावन आणि ओल्या नारळाची चटणी करतेय. काकूंना घेऊन या. पायऱ्या नकोत, गॅरेजच्या दारानं या, उघडं ठेवते.

कळावे, लोभ आहेच.

तुमच्या त्या मतदाराची आई