दारूची अट आणि प्रभुभोजनाचा प्याला

सोलापूर

प्रिय सॅम्युअल,

सलाम.

आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) नियमांच्या मसुद्यातली 'दारू न पिणाऱ्यालाच सभासदत्व' ही ओळ काढून टाक. पाळक आणि पंचांसाठी, म्हणजे कारभार बघणाऱ्यांसाठी, खुशाल ठेव. सगळ्या मंडळीला लावायची म्हटली तर पवित्र शास्त्राचा, बायबलचा, आधार तोकडा पडतो. इफिसकरांस 5:18 मध्ये मनाई आहे ती पिऊन झिंगण्याला. 1 तीमथ्य 3:8 सेवकाला फार पिण्यापासून रोखतं, आणि त्याच पत्रात 5:23 मध्ये पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. रोमकरांस 14:21 आपल्या कामाचं आहे: भावाला ठेच लागत असेल तर न पिणं बरं. पण ती प्रीतीची गोष्ट, तिच्यावर अर्जावर सही कशी घेणार?

साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेत सैनिक, म्हणजे पूर्ण सभासद, होताना दारू-तंबाखू सोडण्याचा करार असतो, तिथे माणूस तो वाचून आत जातो. आपल्याकडे निम्मे लोक पाळण्यात होते तेव्हापासून मंडळीत. अट लागली की पिणारा आधी पाळकसाहेबांना टाळतो, बाटली तशीच राहते.

आणि धोकाही आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं अटीपायी एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढं भास, ताप, घाम, आणि यात माणूस दगावतोही. सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, अशाला आधी सिव्हिलला न्या. डॉक्टर गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, बी-1 जीवनसत्त्व देतात. त्या आठवड्यात त्याला उपास-प्रार्थनेला बसवू नका रे, उपाशीपोटी हाल वाढतात.

नियम हवाच असेल तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, प्याल्याला कर. दारू सोडवायला डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्याला घोटभर वाइननंही चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. कॅथलिक मंडळीला आंबलेला द्राक्षारस लागतो, आपल्यावर ते बंधन नाही. वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं 1869 मध्ये अमेरिकेत रस तापवून न आंबणारा केला तो प्रभुभोजनासाठीच.

दीडशे जणांना प्रत्येकी 10 मिली म्हणजे दीड लिटर. नान्नजकडची काळी द्राक्षं 3 किलो आण. देठ काढून, धुऊन, चुरडून मंद आचेवर 70 अंशांपर्यंत तापव. खळखळ उकळलीस तर रसाला शिजका वास येतो. मलमलीतून आपोआप गळू दे, पिळलंस की गढूळ होतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेव आणि वरचा नितळ रस काढून घे. तो पुन्हा 85 अंशांपर्यंत गरम करून उकळलेल्या 200 मिलीच्या बाटल्यांत भर, घट्ट झाकण लाव आणि तितक्याच गरम पाण्यात 20 मिनिटं ठेव. ही पायरी वगळणारेच फसतात. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतं. आपल्या मार्चच्या उन्हात कच्चा रस दोन दिवसांत फसफसतो, झाकण उडतं, आणि दारूबंदीवाल्या मंडळीच्या कपाटात वाइन तयार! बुडबुडे दिसले की ओतून टाक. फोडलेली बाटली त्याच रविवारी संपव.

मसुद्यात मग तीनच ओळी राहतात: पंच-पाळकांना बंदी, आवारात आणि मंडळीच्या जेवणावळीत दारू नाही, प्याल्यात न आंबलेला रस. पिणाऱ्या सभासदाला प्रभुभोजनापासून थांबवायचंच झालं, तर पाळकसाहेबांनी आधी दोनदा त्याच्या घरी जावं, हेही लिहून टाक. पंच कुरकुरतील. त्यांना माझं पत्र दाखवलंस तरी हरकत नाही.

तुझा,
दाविद