शॅकलची पिन

कोल्हापूर,
रविवार

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज सांगून गेलास, की शॅकलची, म्हणजे माल हुकाला जोडायच्या लोखंडी कडीची, पिन सापडेना म्हणून तुमच्या फिटरनं तिथं एक बोल्ट सरकवला आणि टाकीचं झाकण क्रेननं उचलून ट्रेलरवर ठेवून मोकळे झाले. "भागलं बघ काम," म्हणालास. तुला दुसऱ्या पाळीला निघायचं होतं, म्हणून तेव्हा लांबण लावली नाही. पण तो बोल्ट काही माझ्या डोक्यातून जाईना.

पिन आणि बोल्ट लांबून सारखेच दिसतात. पण पिन चांगल्या पोलादाची, घडवलेली आणि उष्णता देऊन कणखर केलेली असते. ती त्या शॅकलच्या भोकाच्या मापाची असते आणि भार येतो तो तिचा मधला भाग सबंध गुळगुळीत असतो. बोल्ट भोकात सैल बसतो. त्याचे आटे भाराखाली येतात, आणि तुटायचं झालं की तो आट्याच्या खाचेतूनच तुटतो. त्याआधी तो थोडा वाकतो, पण वाकलेला कुणाला दिसत नाही, कारण काम झाल्यावर तो काढून खिशात टाकलेला असतो. दुसऱ्या दिवशी खिशातून तोच बाहेर येतो. पिन हरवली की तो शॅकल भंगारात. दुसऱ्या शॅकलची पिन त्यात घालणं हाही उपाय नव्हे.

तू इंजिनिअर झालास, ड्रॉइंग वाचतोस, वेल्डिंगचं तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पण शिरोलीच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीत बसून बेल्ट (माल उचलायचे विणलेले पट्टे), वायररोप (तारांचे दोर), चेन पुली, शॅकल देण्या-घेण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. सकाळी गेलेली वस्तू संध्याकाळी कशी परत येते हे मी रोज बघितलंय. म्हणून एवढं हक्कानं लिहिते.

कामाला घेतलेली प्रत्येक वस्तू आधी हातात धरून बघायची सवय लाव. बेल्ट जमिनीवर सरळ पसरायचा आणि दोन्ही बाजूंनी बघायचा. कडेला चीर, शिवण उसवलेली, वेल्डिंगची ठिणगी पडून कडक झालेला डाग, अॅसिडनं पिठूळ झालेला भाग, यातलं काहीही दिसलं तर तो बाजूला. टॅग नसला तरी बाजूला, मग दिसायला कितीही नवा असो. रंगावरून भार ओळखता येतो: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, करडा 4, लाल 5 टन. पण रंग उन्हानं, ऑईलनं उडतो, म्हणून खरा भरवसा टॅगवरचा. वायररोपवर उघडा हात फिरवू नकोस. कॉटन वेस्टचा बोळा फिरव. तुटलेली तार असली की कापूस तिथं अडकतो. रोप एकदा दुमडून मुरगळला की हातोडीनं ठोकून सरळ करतात तेही बघशील. तो सरळ दिसतो, पण आतल्या तारा गेलेल्या असतात. हुकाला लॅच, म्हणजे स्लिंग निसटू न देणारी पट्टी, आहे का, हुकाचं तोंड उघडलंय का, तेही बघ. आमच्याकडे नवीन हुकावर पंचाचे दोन ठिपके मारून मधलं अंतर रजिस्टरला लिहून ठेवायचे. पुढच्या तपासणीला ते अंतर वाढलेलं निघालं की वाद घालायला जागाच उरायची नाही.

आणि एक. रद्द झालेला बेल्ट मी कधीही अख्खा भंगारात टाकू दिला नाही. खिडकीसमोरच दोन तुकडे करायला लावायची. यावरून माझ्याशी भांडलेले लोक आहेत. "मॅडम, ताडपत्री बांधायला तरी राहू द्या," म्हणायचे. पण भंगारातला अख्खा बेल्ट चार दिवसांत पुन्हा हुकावर दिसतो. तुमच्या स्टोअरला ही पद्धत नसेल तर तू सुरू करून घे.

आता वजनाचं. तुमच्याकडे प्लेट, शेल (टाकीचं गोल अंग), डिश एंड (तिची फुगीर टोकं), सगळं लोखंडच. "असेल टनभर" हे वाक्य जिथं ऐकशील तिथं खिशातला कॅल्क्युलेटर काढ. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट 7.85 किलो भरते, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे. 6 मीटर बाय दीड मीटरची 20 मिलिमीटरची प्लेट घे. 9 गुणिले 20 गुणिले 7.85, म्हणजे 1,413 किलो. नजरेनं ती कुणी टनभरच म्हणाला असता. टाकीच्या बाबतीत दुसरी गोम आहे. हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, झाल्यावर ड्रेन उघडतात, पण टाकी थोडी तिरकी असली की तळाशी पाणी राहतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. शिवाय उचलताना ते पाणी एका टोकाला धावतं आणि टाकी त्या बाजूला कलंडते. उचलण्याआधी ड्रेनमधून खरंच थेंब यायचा थांबलाय का, हे स्वतः जाऊन बघ.

आता कोनाकडे येते. हे मात्र नीट वाच, कारण शॉपमध्ये याच्याइतकं दुर्लक्ष दुसऱ्या कशाकडे होत नाही. लहानपणी तू आणि ताई पाण्याची भरलेली बादली दोघं मिळून उचलायचात. जवळ जवळ चाललात की सोपी, आणि लांब लांब झालात की हात तुटायला यायचे. स्लिंगचंही, म्हणजे मालाला बांधायच्या बेल्ट-रोपचंही, तसंच. 2 टनांचा माल दोन पायांच्या, म्हणजे हुकापासून दोन फाटे खाली येणाऱ्या, स्लिंगनं उचलायचा आहे. पाय जमिनीशी 60 अंशांत असतील तर प्रत्येकावर साधारण 1.15 टन येतो. 45 अंशांत 1.41 टन. आणि स्लिंग आखूड म्हणून पाय पसरले, कोन 30 अंशांवर आला, तर प्रत्येक पायावर पुरते 2 टन. माल तोच, क्रेन तीच, फक्त स्लिंग आखूड घेतली. "दोन बेल्ट आहेत ना, मग निम्मं निम्मं" हा हिशोब फक्त पाय उभे सरळ असतील तेव्हाच खरा. म्हणून स्लिंग लांब घ्यायची, आणि कोन 45 च्या खाली जायला लागला की थांबून स्प्रेडर बीम, म्हणजे पाय उभे ठेवणारा आडवा दांडा, मागवायचा. बेल्ट फासासारखा आवळून घातला, म्हणजे चोकर केला, तर त्याची ताकद टॅगवर लिहिलेल्याच्या 80 टक्केच धरायची. साध्या आय बोल्टला, म्हणजे डोक्याला कडी असलेल्या बोल्टला, तर तिरका ओढा अजिबात सोसत नाही. प्लेटची कड धारदार असते, तिथं बेल्टखाली रबराचा तुकडा किंवा कॉर्नर पॅड द्यायलाच हवा. गोणपाट चालतो म्हणतील, पण धारेपुढे तो टिकत नाही.

उचलताना आधी फक्त ढील काढायची, आणि तेव्हा कुणाचाही हात स्लिंगवर नको. आमच्या कारखान्यात एका हेल्परची दोन बोटं अशीच गेली. स्लिंग जागेवरून सरकू नये म्हणून त्यानं ती हातानं धरून ठेवली होती आणि ऑपरेटरनं क्रेनच्या लटकत्या पेंडंटचं बटण दाबलं. रडायला त्याला वेळसुद्धा मिळाला नाही, तो नुसता हाताकडे बघत राहिला होता. स्लिंग धरायचीच असेल तर तळहातानं बाहेरून दाबायची, बोटं आत घालायची नाहीत. ढील निघाली की माल वीतभर उचलून थांबायचं. ब्रेक धरतोय का, माल कलतोय का, बांधलेलं जागेवर बसलंय का, हे तिथंच कळतं. वीतभरावरून खाली ठेवायला काही लागत नाही. आणि हूक मालाच्या बरोबर वर आला नसेल तर तिरकं ओढू देऊ नकोस. ओव्हरहेड क्रेन सरळ वर उचलायला केलेली असते. तिरक्या ओढ्यानं रोप ड्रमच्या खाचेतून निसटतो, आणि माल सुटला की झोका घेऊन समोरच्याला भिंतीशी चेपतो. मालाखाली उभं राहू नये हे सगळ्यांना पाठ असतं. पण माल आणि भिंत, माल आणि मशीन यांच्यामध्ये उभं राहणारी माणसं मी फार पाहिली.

हायड्राची, म्हणजे माल लटकवून चालणाऱ्या चाकांच्या क्रेनची, मला सगळ्यांत जास्त धास्ती आहे. ओव्हरहेड क्रेन पोचत नाही त्या यार्डात तुमच्याकडे हायड्राच चालत असणार. जुन्या धाटणीच्या हायड्राचा बूम केबिनच्या पुढे लांबच लांब गेलेला असतो, आणि चालकाला एका बाजूचं नीट दिसत नाही. माल हुकाला लटकत असतो, हलतो, म्हणून एक हेल्पर तो हातानं धरून चाकाच्या शेजारून चालतो. यार्डात खड्डे, चिखल, पडलेले अँगलचे तुकडे. त्याचा पाय अडखळला तर तो चाकाखाली पडतो, आणि चालकाला कळायच्या आत सगळं होऊन जातं. अशा बातम्या दरवर्षी वाचते, आणि माणूस बहुतेक वेळा वीस-बावीस वर्षांचा, ठेकेदाराकडचा, गावाहून नुकताच आलेला असतो. कितीतरी मोठ्या कंपन्यांनी ही जुनी हायड्रा गेटच्या आत घेणंच बंद केलंय. तुझ्या हातात ते नसेल. पण मालाला दोन बाजूंनी लांब दोर बांधून दोघांनी लांबून धरून चालावं, माल जमिनीपासून थोडाच वर ठेवावा, दोर हाताला गुंडाळू नये आणि चाकापासून दूर राहावं, एवढं करून घेणं तुझ्या हातात आहे. उद्यापासून कर.

इशारा देणारा माणूस एकच हवा. खलाशी लोक वर घ्यायला "हाबेस" आणि खाली सोडायला "आरिया" ओरडतात, पण ग्राइंडर चालू असला की काही ऐकू येत नाही, म्हणून हाताचे इशारे ठरवून घ्या. थांबण्याचा इशारा मात्र कुणीही दिला, झाडू मारणाऱ्यानं दिला, तरी ऑपरेटरनं थांबायचं. तुमच्याकडे ठेकेदाराची मुलं झारखंड-बिहारकडची असतात ना? त्यांना त्यांच्या भाषेत, समोर उभं राहून, करून दाखवून सांग. नोटीस बोर्डावरचं मराठी-इंग्रजी त्यांच्या काय कामाचं?

कायद्याचं थोडक्यात सांगते. मी नोकरीत होते तेव्हा 1948 च्या कारखाने अधिनियमातलं 29 वं कलम आम्हाला पाठ होतं. उचलण्याची सगळी साधनं, साखळ्या, दोर यांची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी, प्रत्येकावर सुरक्षित भार ठळक लिहिलेला, त्याच्या वर भार नाही. क्रेनच्या रुळांवर किंवा जवळ कुणी काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून 6 मीटरच्या आत येऊ द्यायची नाही, हेही त्यातच. पेंटर किंवा इलेक्ट्रिशियन गँट्रीवर, म्हणजे क्रेनच्या रुळांच्या ढाच्यावर, चढला असेल तर नुसतं "लक्ष ठेव" सांगू नकोस, क्रेनचा मेन स्विच बंद करून कुलूप लाव. त्यानंतर कामाच्या जागी सुरक्षेची 2020 ची नवी संहिता आली, तुमचा सेफ्टी ऑफिसर तुला तिची कलमं सांगेल. तुला बघायचंय ते एवढंच, की फाइलमधल्या सर्टिफिकेटवरचा नंबर आणि वस्तूवर ठोकलेला नंबर एकच आहे का. आम्ही दर तिमाहीला रंग बदलायचो, तपासलेल्या प्रत्येक वस्तूवर त्या तिमाहीच्या रंगाचा पट्टा. लांबूनही कळायचं कुठली राहिली ते.

आपण मोठ्या कामांच्या बातम्या वाचतो आणि आपल्या शॉपशी त्याचा संबंध नाही असं समजतो. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यात 1 ऑगस्ट 2020 ला नव्या क्रेनची भार चाचणी चालू असताना ती कोसळली आणि 11 माणसं गेली. समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ 31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीच्या सुमारास पुलाचं गर्डर बसवायचं यंत्र कोसळलं, त्यात 20 गेली. रात्रपाळीला कामावर आलेली माणसं होती ती. तुमच्याकडे कधी क्रेनची भार चाचणी ठेवली तर बघायला गर्दी जमेल. ती आधी हटव, कारण मशीन टिकतं की नाही हे बघायलाच चाचणी घेतात.

मला माहीत आहे तुझी अडचण काय ते. महिनाअखेर, ट्रेलर उभा, मॅनेजरचा फोन, आणि समोर वीस-पंचवीस वर्षं काम केलेला फिटर, ज्याला तू काकाजी म्हणतोस. त्याला "थांबा" कसं म्हणायचं? अरे, चूक काढल्यासारखं म्हणू नकोस. "काकाजी, जरा खाली घ्या, मला एकदा समजून घेऊ द्या," म्हण. माल खाली आला की मग बोलायला वेळ असतो. त्या माणसानं बोल्ट हौसेनं घातला नसणार. त्यानं स्टोअरला पिन मागितली असेल आणि मिळाली नसेल. मिळेपर्यंत थांब म्हणणारा कुणी नव्हता. म्हणून आधी स्टोअरशी भांड. प्रत्येक मापाचे चार जादा शॅकल पिनेसकट ठेवायला किती खर्च येतो? आणि ट्रेलर थांबला तर थांबू दे. "माल का गेला नाही" असं कुणी विचारलं तर तुझं नाव सांगायला त्या फिटरला मुभा दे. तो पुढच्या वेळी आपणहून तुझ्याकडे येईल.

बाकी इकडे ठीक. बाबांचं बीपी आता बरं आहे, ताई दिवाळीला येते म्हणते. तू दोन गोष्टी कर: तो बोल्ट आणि तो बिनपिनेचा शॅकल, दोन्ही कापून भंगारात टाकून घे, आणि यार्डात हायड्राशेजारून कोण चालतं ते एक दिवस उभं राहून बघ. बुधवारी तुझी सुट्टी आहे ना, रात्री फोन करते, तेव्हा सविस्तर सांग.

तुझी,
आई