अमेरिकेची उपनगरं आपोआप वाढली नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्याच्या रिंगरोडची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘लोकांनाच शहराबाहेर घर आणि दारात गाडी हवी असते, अमेरिकेतही तेच झालं.’ हे अर्धसत्य आहे.

१९३० पूर्वी अमेरिकेत गृहकर्जाची मुदत साधारण पाच-दहा वर्षं असे आणि किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम आधी भरावी लागे. १९३४ मध्ये सरकारने गृहकर्जांना विमा दिला, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई; मुदत पुढे तीस वर्षांपर्यंत गेली. १९४४ च्या कायद्यानंतर दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना आगाऊ रक्कम न भरताही घर घेता येऊ लागलं. मात्र विम्याचे निकष नव्या वस्तीतल्या स्वतंत्र घराच्या बाजूचे होते. कृष्णवर्णीयांच्या वा मिश्र वस्तीला ते खालचा दर्जा देत. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावरच्या लेव्हिटटाउन या नव्या वसाहतीत १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांवर घरं झाली. तळघर नाही, थेट काँक्रीटच्या थरावर बांधकाम. कामाचे २७ टप्पे, एकेका टोळीने आपलं ठरलेलं काम उरकून पुढच्या घराकडे जायचं. १९४९ मध्ये किंमत ७,९९० डॉलर. त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला मात्र तिथे प्रवेश नव्हता. याला ‘लोकांची आवड’ कसं म्हणायचं?

रस्त्यांचंही तसंच. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचं महामार्गांचं जाळं ठरलं आणि त्याच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलला. शहरी बस-रेल्वेसाठीचा केंद्राचा कायदा आला थेट १९६४ मध्ये. महामार्ग जवळजवळ फुकट आणि बस पदरमोड करून, असा हिशेब समोर असल्यावर शहरं काय निवडणार? मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरातली राँडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती अशाच एका महामार्गाने मधोमध चिरली.

पुणेकरांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते लाँग आयलंडच्या पाण्याकडे. हजारो घरांना सांडपाण्याची वाहिनी नव्हती, शोषखड्डे होते. पिण्याचं पाणीही त्याच जमिनीखालून उपसलेलं. घरोघरी कपडे धुण्याची यंत्रं आली. तेव्हाच्या डिटर्जंटमधलं रसायन जमिनीत सहज विघटित होत नसे, त्यामुळे नळाच्या पाण्याला फेस येऊ लागला. १९६५ च्या सुमारास उत्पादकांनी रसायन बदललं. शोषखड्डे मात्र तिथेच राहिले आणि वाहिन्या वसलेल्या वस्तीत मागाहून टाकाव्या लागल्या.

आपल्याकडे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. उंच इमारती आधी आणि जलवाहिनी नंतर, हा क्रम तिथे अनेकांच्या रोजच्या टँकरवरून कळतो. रिंगरोडलगत परवानग्या देताना मुख्य सांडपाणी वाहिनी कार्यान्वित झाल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, बस आगाराची जागा आराखड्यात आधी राखावी आणि पहिली कुटुंबं राहायला येतील त्याच महिन्यात पीएमपी बसची फेरी सुरू करावी. एकदा घरटी दोन गाड्या झाल्या की रिकामी धावणारी बस कोणीही बंद करील.

– एक वाचक, कोथरूड, पुणे