नॅट, सेबर आणि पटावरचे आकडे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत १९६५ च्या भारत-पाक हवाई युद्धावर बेतलेला, मुलांना घरच्या घरी खेळता येईल असा पटावरचा खेळ छापला गेला, याचा मनापासून आनंद झाला. विमानांच्या छोट्या प्रतिकृती, षटकोनी घरांचा पट आणि फासे घेऊन असे खेळ आम्ही काही मित्र बरीच वर्षे खेळत आलो आहोत, आणि मराठी वर्तमानपत्राने त्यांना जागा द्यावी ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते. मात्र खेळासोबतच्या तक्त्यात भारताचे नॅट आणि पाकिस्तानचे सेबर या लढाऊ विमानांना दिलेले गुण ज्या रीतीने काढले आहेत, ती रीत मुळातच चुकलेली आहे, म्हणून हे पत्र.

तक्त्यात विमानाची ‘चाल’ कमाल वेगावरून आणि ‘मारा’ पाडलेल्या विमानांच्या संख्येवरून ठरवला आहे. आधी वेगाचे पाहू. दोन्ही विमानांचा कमाल वेग ताशी ११०० किलोमीटरच्या आसपास होता. त्यांतला फरक ताशी २० किलोमीटर धरला, तरी पाच सेकंदांच्या एका खेळीत तो जेमतेम २८ मीटर भरतो. पटावरचे एक घर २०० मीटरचे मानले, तर हा फरक घराच्या सातव्या हिश्श्याइतकाही नाही. तक्त्यात मात्र त्यापायी नॅटला एक पूर्ण घर जास्त मिळाले आहे. शिवाय कमाल वेग हा सरळ उडताना, ठरावीक उंचीवर गाठलेला असतो. वळणावर वळण घेत चाललेल्या झुंजीत कोणतेही विमान त्याच्या जवळपास नसते.

झुंजीत खरा प्रश्न असतो तो वळण घेताना गमावलेला वेग कोण किती लवकर भरून काढतो, हा. इंधनाच्या बाह्य टाक्यांशिवायचे नॅट सुमारे ३००० किलो वजनाचे, आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ १२.७ चौरस मीटर. सेबर सुमारे ६९०० किलोचे, पंख २९ चौरस मीटरचे. भागाकार करून पाहिला, तर दोन्हींच्या पंखांवरचा भार चौरस मीटरला २३५ किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखाच निघतो. म्हणून एका झटक्यात वळण्याच्या बाबतीत नॅटला वरचढ दाखवण्याचे कारण नाही. उलट पाकिस्तानच्या सेबरच्या पंखांना पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या असल्यामुळे कमी वेगात ते विमान फार छान वळत असे. फरक पडतो तो इंजिनामुळे. नॅटच्या ऑर्फियस इंजिनाचा रेटा, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा जोर, सुमारे २१०० किलो, म्हणजे वजनाच्या सात दशांश. सेबरचा सुमारे २७०० किलो, म्हणजे वजनाच्या चार दशांशाहून किंचित कमी. अमेरिकी हवाई दलाचे वैमानिक जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस क्रिस्टी यांनी साठच्या दशकात मांडलेला हिशेब हाच आहे: रेट्यातून हवेचा अवरोध वजा करायचा, उरलेल्याला वेगाने गुणायचे आणि वजनाने भागायचे. पटावर हे उतरवायला समीकरण लागत नाही. तीव्र वळणानंतर सेबरची दोन घरे कमी करावीत आणि नॅटचे एक, तसेच चढताना नॅटला सवलत द्यावी, एवढे पुरेसे आहे. आम्ही हा नियम लावल्यापासून सेबर खेळणारा वळणात अडकवू पाहतो आणि नॅट खेळणारा वर निघून जाऊ पाहतो, आणि दोघांनाही विचार करावा लागतो.

माऱ्याचे गुण शस्त्रांवरूनच काढायला हवेत. नॅटवर ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा होत्या, प्रत्येकीला ११५ गोळे. सेबरवर अर्ध्या इंची सहा ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकीला सुमारे ३०० गोळ्या. दोन्ही शस्त्रे मिनिटाला साधारण १२०० वेळा झडतात. याचा अर्थ नॅटचा दारूगोळा सहा सेकंदांत संपतो आणि सेबरचा पंधरा. पण एडनचा गोळा ब्राउनिंगच्या गोळीच्या सुमारे पाचपट वजनाचा, त्यातून स्फोटक. तेव्हा नॅटला फैरी कमी आणि प्रत्येक फैरीचा घाव जबर, असे गुण द्यावेत, आणि या तोफा ऐनवेळी अडकत असत हे वैमानिकांचे दुखणे विसरू नये; त्यासाठी फाशावर एक अंक राखून ठेवावा. काही सेबरवर असलेले साइडवाइंडर क्षेपणास्त्रही तक्त्यात आहे, पण त्याला कोणत्याही दिशेने मारा करू दिला आहे. त्या काळचे साइडवाइंडर शत्रूच्या मागूनच, त्याच्या इंजिनाच्या उष्णतेवर रोखावे लागे.

आता पाडलेल्या विमानांच्या संख्येविषयी. दोन्ही देशांचे दावे आजही जुळत नाहीत, ही एक अडचण झाली. जुळले असते तरी ती संख्या विमानाचा गुण ठरत नाही. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळ, बोयराच्या आकाशात नॅटनी सेबर पाडली, त्यांतल्या एकाचे वैमानिक परवेझ मेहदी कुरेशी पकडले गेले आणि पुढे ते पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. पण त्या दिवशी सेबर जमिनीवरच्या लक्ष्यांवर झेपावण्यात गुंतलेली होती आणि नॅटना रडार नियंत्रकाने नेमक्या जागी आणून सोडले होते. याउलट ३ सप्टेंबर १९६५ रोजी एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरले आणि सापडले. बोयरावरून गुण काढले तर नॅट अजिंक्य ठरते, पसरूरवरून काढले तर कुचकामी. विमान मात्र तेच असते. स्थान, उंची, अवचितपणा यांचे नियम वेगळे असावेत आणि वैमानिकाच्या अनुभवाचा फासाही वेगळा असावा.

याच संदर्भात एक विनंती आहे. तक्त्यात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांच्या नावाचे, ‘अधिक तीन’ गुणांचे कार्ड आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर बॉम्ब पडत असताना ते नॅट घेऊन उडाले, एकट्याने सेबरच्या तुकडीशी लढले आणि परतले नाहीत. हवाई दलाला मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे. तो प्रसंग खेळात जरूर असावा, पण एका नॅटसमोर अनेक सेबर अशी मांडणी करून, साध्या गुणांनिशी. ते कशाला सामोरे गेले, हे खेळणाऱ्या मुलाला पटावर तेव्हाच दिसेल.

शेवटी प्रतिकृतींविषयी. नॅटच्या पंखांचा विस्तार ६.७ मीटर आणि सेबरचा ११.३ मीटर होता, आणि इतके लहान विमान नजरेला पडत नसे हाच नॅटचा मोठा बचाव होता. आपल्या कात्रणचित्रांत दोन्ही विमाने एकाच आकाराची छापली आहेत. तक्ता पुन्हा छापणार असाल तर ती १:३०० या प्रमाणात द्यावीत. नॅट २२ मिलिमीटरचे होईल आणि सेबर ३८ मिलिमीटरचे, आणि दोन्ही साध्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापता येतील.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक