नाना, मशीनने रुपये दाखवले तर ‘नको’ म्हणा

ती. नाना आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

व्हिसा हातात आला, औषधांची चिठ्ठी डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिली, आता काही राहिलं नाही असं आई परवा म्हणाली. पैशांचा विषय नानांनी दोन वाक्यांत मिटवला. जळगावला एक जण ओळखीचा आहे, त्याच्याकडून नोटा घेतो, आणि एटीएम कार्ड तर आहेच. यावर फोनवर काही बोलायला गेले की नाना ‘बरं बरं’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहून पाठवतेय. पप्पूला सांगून छापून घ्या.

म्युनिकला माझ्याकडे आहात तोवर तुमचा खर्च होणार नाही. त्यावर नानांशी भांडण होईल, पण ते आपण समोरासमोर करू. मला काळजी आहे ती नंतरच्या बसच्या सहलीची. प्राग, स्वित्झर्लंड, पॅरिस. तिथे मी बरोबर नाही, आणि तीन ठिकाणी तीन वेगळी चलनं आहेत. प्रागला क्राउन, स्वित्झर्लंडला फ्रँक, पॅरिसला युरो.

आधी नानांचं कार्ड. पेन्शनच्या खात्याचं जे आहे ते साधं रुपे कार्ड आहे. ते देशातच चालतं, त्यामुळे ते चोपड्यालाच कपाटात ठेवून या. आयुष्यभराची पेन्शन ज्या खात्यात आहे, त्याचं कार्ड खिशात घेऊन परक्या गावी हिंडू नये, हे तसंही बरं. दुसऱ्या बचत खात्यावरचं व्हिसाचं कार्ड आणा, पण ते अडीअडचणीला. तेही आपोआप चालणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नवं कार्ड येतं ते देशापुरतंच चालू असतं, परदेशातला वापर आपण सांगून चालू करून घ्यायचा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्याचं बटण असतं, मर्यादाही तिथेच घालता येते. पप्पू नाशिकहून येईल तेव्हा त्याच्यासमोर करा.

आता हे कार्ड फक्त अडचणीलाच का, त्याचा हिशेब. नानांना हिशेब दाखवल्याशिवाय पटत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बँका परदेशात कार्ड वापरलं की रकमेच्या साडेतीन टक्के घेतात. त्याला फॉरेक्स मार्कअप म्हणतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के झाले. एटीएममधून रोख काढली तर दर वेळचे वेगळे, समजा १२५ रुपये, त्यावरही जीएसटी. दहा हजार रुपयांचे युरो काढले तर ३५० अधिक १२५ अधिक जीएसटी मिळून ५६० रुपये गेले. आणि ‘लागतील तसे थोडे थोडे काढू’ म्हणून दोन हजारांचे काढले, तर ७० अधिक १२५ अधिक जीएसटी, २३० रुपये! शंभराला साडेअकरा. शिल्लक किती आहे एवढंच बघितलं तरी बऱ्याच बँका पैसे लावतात. शिवाय ज्या बँकेचं मशीन, ती स्वतःचे वेगळे मागते. जर्मनीत परक्या कार्डाला पाच युरोच्या आसपास मागणारी मशीन बरीच आहेत. ते मात्र पडद्यावर आधी सांगतात. पटलं नाही तर कॅन्सल दाबून पुढच्या बँकेत जायचं, त्याला काही लागत नाही.

हे झाले कागदावर दिसणारे पैसे. मला खरी भीती न दिसणाऱ्यांची आहे. केळीचं कसं असतं, नाना? रावेरचा बोर्डावरचा भाव एक, आणि व्यापारी बागेत उभा राहून देतो तो दुसरा. मधला फरक कुणी पावतीवर लिहून देत नाही. परदेशात पैसे बदलताना तेच होतं. ‘नो कमिशन’, ‘झिरो फी’ अशी पाटी लावलेली असते आणि ते खोटंही नसतं, कारण सगळं भावातच कापलेलं असतं. म्हणून कुणालाही ‘कमिशन किती’ विचारू नका. ‘शंभर युरोचे मला एकूण किती पडतील’ एवढंच विचारा, आणि मोबाइलवर त्या दिवसाचा भाव बघून ताडून पाहा.

सगळ्यात मोठा कापाकापीचा प्रकार एटीएमच्या पडद्यावर होतो. तो नीट सांगते. कार्ड घातलं, इंग्रजी भाषा निवडली, पिन टाकला, रक्कम दाबली. मग पडदा बदलतो आणि एकदम ओळखीचं काहीतरी दिसतं. आपले रुपये! २०० युरो म्हणजे इतके इतके रुपये, भाव पक्का, घ्यायचा का? परक्या मुलखात रुपयाची खूण दिसली की जीव भांड्यात पडतो. तेवढ्यासाठीच ती दाखवलेली असते. हा भाव तुमच्या बँकेचा नसतो, त्या मशीनवाल्याचा असतो, आणि तो शंभराला पाच-सात, कधी दहाही जास्त लावतो. खाली दोन पर्याय असतात. एक ठळक, ‘अ‍ॅक्सेप्ट कन्व्हर्जन’. दुसरा ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’, कुठे कुठे ‘कंटिन्यू विदाउट कन्व्हर्जन’. तुम्ही डिक्लाइन दाबायचं. डिक्लाइन दाबलं तर पैसेच येणार नाहीत असं वाटून चांगली शिकली-सवरलेली माणसं अ‍ॅक्सेप्ट दाबतात. पैसे येतात. युरोच मागितले होते, युरोच येतात, फक्त भाव व्हिसा-मास्टरकार्डचा लागतो. काही मशीन पुन्हा एकदा विचारतात, ‘नक्की नको?’ नक्की नको.

दुकानात, हॉटेलातही हेच. वेटर छोटं मशीन पुढे करतो, त्यावर कधी रुपये आणि युरो असे दोन आकडे असतात. युरो दाबायचं. स्वित्झर्लंडला फ्रँक, प्रागला क्राउन. ज्या देशात उभे आहात त्याचं चलन. कधी वेटरच चांगुलपणाने परस्पर रुपये दाबून देतो. म्हणून पिन टाकण्याआधी, किंवा कार्ड टेकवण्याआधी, आकड्यापुढचं चलन बघायची सवय लावा. रुपये दिसले तर ‘नो रुपीज, युरो प्लीज’ म्हणा आणि पुन्हा करायला लावा. मागे रांग असली तरी. आईने हे काम करावं. नानांना रांगेची भीड पडते, आईला भाजी बाजारातही कधी पडली नाही. आणि एक गंमत ऐका. रुपयांत दिले म्हणजे निदान आपल्या बँकेचा मार्कअप तरी सुटला, असंही नाही. परदेशी दुकानाने रुपयांत लावलेल्या बिलावरही काही बँका टक्काभर वेगळा घेतात.

मग आणायचं काय? प्रत्येकी एक फॉरेक्स कार्ड. बँकेत किंवा परवानाधारक मनी चेंजरकडे पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकिटाची प्रत दिली की मिळतं. त्यात आधीच युरो आणि फ्रँक भरून ठेवता येतात. जे चलन भरलंय तेच खर्चलं तर मार्कअप लागत नाही. भरताना जो भाव लावतील त्यात त्यांचा नफा असतोच, पण तो घरी बसून, दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवता येतो. पैसे खात्यातून द्या. रोखीने ५०,००० रुपयांपर्यंतच घेतात. पैसे बदलून घेण्यावर जीएसटी लागतो तो किरकोळ, ५०,००० ला ९० रुपये. आणि काहीही झालं तरी मुंबई विमानतळावरच्या काउंटरवर हे काम ठेवू नका. तिथला भाव बघून नानांचं ब्लडप्रेशर वाढेल.

फॉरेक्स कार्डाने एटीएममधून काढलं तर साधारण दोनेक युरो दर वेळी जातात. वीस काढा नाहीतर दोनशे, तेवढेच. म्हणून एकदाच बरे काढा. यात एक फट आहे ती प्रागची. क्राउन या कार्डांत सहसा भरता येत नाहीत, आणि युरोतून क्राउन झाले की त्याचे वेगळे टक्के कापतात. प्रागसाठी म्हणून, आणि एकूणच खरेदीसाठी, ज्यावर फॉरेक्स मार्कअप नाही असं क्रेडिट कार्ड काढा. निवृत्त माणसाला कोण देणार म्हणू नका. काही बँका छोट्या मुदत ठेवीवर असं कार्ड देतात, पगाराचा दाखला मागत नाहीत, आणि ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. बँकेत गेलात की बक्षिसांचे पॉइंट, लाउंज वगैरे ऐकत बसू नका. ‘फॉरेक्स मार्कअप किती?’ शून्य म्हणाले तर पुढे बोला. मात्र या कार्डावर रोख कधीच काढायची नाही. बहुतेक क्रेडिट कार्डांवर रोख काढली की वेगळं शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज.

जळगावच्या ओळखीच्या माणसाबद्दल. परवाना नसलेल्या माणसाकडून परकीय चलन घेणं बेकायदेशीर आहे, मग तो कितीही घरचा असो. पावती नाही, आणि नोट खोटी निघाली तर इथे तुम्ही काय सांगणार? पावतीवरच घ्या. नियमाने माणशी ३,००० डॉलरइतक्या नोटा नेता येतात, पण तुम्हाला प्रत्येकी तीनशे युरो पुष्कळ झाले. ५०० च्या नोटा घेऊ नका, कोणी मोडून देत नाही. पन्नास, वीस, दहा अशा मागा. काका डॉलर घ्या म्हणतात, तेही नकोत. रुपयाचे डॉलर, डॉलरचे युरो, दोनदा बट्टा जातो.

रोख लागते ती छोट्या गोष्टींना. इथे अजून काही बेकऱ्या, छोटी दुकानं कार्ड घेत नाहीत. महामार्गावर बस थांबली की स्वच्छतागृहाला एक युरो, बदल्यात कूपन मिळतं. नाना, ते बघून ‘लघवीला शंभर रुपये’ असं बसमध्ये मोठ्याने म्हणू नका, अर्धी बस मराठी असणार. एक-एक युरोची नाणी आईच्या बटव्यात राहू द्या. आणि आजी म्हणायची ते विसरू नका, ‘बठ्ठा पैसा एकच पिशवीमा नको ठेवजो.’ एक कार्ड नानांकडे, एक आईकडे, तिसरं हॉटेलच्या खोलीत बॅगेत कुलपात.

आई, हे तुझ्यासाठी. तू एटीएममध्ये जाऊन नानांच्या मागे उभी राहतेस, बटण कधी दाबत नाहीस. या वेळी तुझ्या नावाचं कार्ड, तुझा पिन, आणि तो नानांनासुद्धा सांगायचा नाही. निघायच्या आधी चोपड्याच्या एटीएममध्ये तुझ्या हाताने पैसे काढून ये. नानांची तब्येत बसमध्ये बिघडली, पाकीट गेलं, तर तिथे तूच आहेस.

प्रागला जुन्या चौकाच्या आसपास माणसं जवळ येऊन चांगला भाव देतो म्हणतात. रस्त्यावर काहीही बदलायचं नाही. दुसऱ्याच देशाच्या, कधी बाद झालेल्या नोटा हातात ठेवतात, आणि आपल्याला कुठली क्राउनची नोट ओळखता येते! रोख लागलीच तर एखाद्या मोठ्या बँकेच्या भिंतीतलं मशीन शोधा, आणि डिक्लाइन. चौकात, किराणा दुकानात, यादगारीच्या वस्तूंच्या गल्लीत एकटी उभी असलेली रंगीत मशीन टाळा. स्वित्झर्लंडला बऱ्याच ठिकाणी युरोच्या नोटा घेतात, पण मोड फ्रँकमध्ये देतात आणि भाव दुकानदार ठरवतो. तिथे कार्ड टेकवून मोकळं व्हा. पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून यूपीआय चालतं म्हणून नानांनी बातमी पाठवली होती. चालतं, पण तेवढ्या भरवशावर पॅरिस फिरता येत नाही.

सहलीच्या कंपनीने पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, घेतला आहे, त्याची पावती सीएंना द्या. रिटर्न भरताना तो वळता होतो. तुमच्या हातखर्चाला तो लागत नाही, त्याची मर्यादा वर्षाला माणशी दहा लाख आहे. परत गेल्यावर फॉरेक्स कार्डातली शिल्लक काढून घ्या. पडून राहिलं तर काही कार्डांवर त्याचेही पैसे कापतात. उरलेल्या नोटा २,००० डॉलरपर्यंत ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत करायच्या. एवढे उरणार नाहीत म्हणा. नाणी कोणी बदलून देत नाही, ती माझ्या घरच्या डब्यात टाकून जा.

कार्ड बंद करायचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून दोघांच्या पाकिटात ठेवा, फक्त फोनमध्ये नको. आणि फोनचं रोमिंग निघण्याआधी चालू करा, बँकेचे मेसेज त्यावरच येतील.

रविवारी व्हिडिओ कॉल करते. घराजवळच्या बँकेच्या मशीनचे पडद्याचे फोटो काढून ठेवलेत, एकेक दाखवीन. कुठलं बटण, ते आधी आईने सांगायचं. नाना, तुम्ही मधे बोलायचं नाही.

तुमची,
ताई