हकगला उद्यानभेट : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

श्रीलंका सहलीत नुवरा एलियाच्या मुक्कामातली दुसरी सकाळ आपण हकगला वनस्पती उद्यानासाठी राखून ठेवली आहे. नाश्ता उरकून बरोबर साडेसातला बसमध्ये बसायचं आहे. उशीर नको, डोंगरावर धुकं उतरलं की फारसं काही दिसत नाही.

सुमारे साडेपाच हजार फुटांवरचं हे उद्यान १८६१ मध्ये सुरू झालं तेच मुळी सिंकोनाच्या लागवडीसाठी. मलेरियावरचं क्विनीन त्याच्याच सालीतून मिळतं.

मात्र सर्वांत जास्त वेळ वृक्षनेच्यांना (झाडासारख्या उंच वाढणाऱ्या फर्नना) द्या, ही कळकळीची विनंती. माणसाच्या डोक्यावरून जाणारे हे नेचे! खोडावर गळून गेलेल्या पानांचे वण दिसतात, बुंध्याशी काळपट मुळांचं जाड आवरण असतं. कोवळं पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. फूल शोधू नका, नेच्याला ते येतच नाही. पान न तोडता मागची बाजू पाहा. तपकिरी ठिपक्यांत बीजाणू, म्हणजे बियांऐवजी नेच्याची वाढ पुढे नेणारे सूक्ष्म कण, तयार होतात. भिंग असेल तर जरूर आणा.

गुलाबांचा भाग घाईत पाहिला तरी चालेल, गुलाब आपण इथेही पाहतो.

पान, बी, शेवाळ काहीही उचलायचं नाही. माकडांना खायला द्यायचं नाही. स्वेटर, रेनकोट आणि न घसरणारे बूट हवेतच.

परतताना सीता एलियाच्या मंदिरात थांबू. हा परिसर अशोकवाटिकेचा मानतात. उद्यानात चढउतार आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी कळवावं.