शिकवणीला जा, पण पाहुण्या म्हणून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्त शिक्षकांनी उन्हाळ्यात आखाती देशांत जाऊन खासगी शिकवण्या घ्याव्यात, असं सुचवणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेखकाचा हेतू चांगला आहे. पण 'व्हिजिट व्हिसावर जावं, देश बघावा आणि जाता जाता दोन-चार मुलांना शिकवावं' हे वाक्य वाचून हातातला चहा तसाच राहिला. त्या 'जाता जाता'बद्दल लिहिणं भाग आहे, म्हणून हे पत्र.

मी डोंबिवलीची. अनुदानित शाळेत उभी हयात गणित शिकवण्यात गेली. मुलगा शारजात असतो. त्याने माझ्यासाठी रेसिडेन्स व्हिसा काढला आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ सलग देशाबाहेर राहिलं तर तो रद्द होऊ शकतो, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी जावंच लागतं. एक फेरी दिवाळीनंतर, दुसरी जूनच्या शेवटी. दुसऱ्या फेरीबद्दल ऐकलं की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका डोक्याला हात लावतात. तिथली माणसं ज्या महिन्यांत गावाकडे पळतात, त्या महिन्यांत ही बाई तिकडे निघते! त्यांचं चुकत नाही. जुलैत तिथे नळाचं गार पाणीसुद्धा कढत येतं, कारण टाकी गच्चीवर असते. लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यातलं साठलेलं पाणी गार म्हणून वापरतात. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला तिथल्या सरकारची बंदी असते.

शिकवणीला मात्र हेच दिवस सोन्यासारखे. तिथल्या सीबीएसई शाळांचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिलला सुरू होतं, पण मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये येते. म्हणजे तीन महिने शिकवून झालेलं असतं, युनिट टेस्टचे मार्क घरी पोचलेले असतात, आणि पालकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. दहावी-बारावीची मुलं असलेली कुटुंबं गावी जात नाहीत, गेली तरी लवकर परततात. मी राहते त्या अल नाहदा भागात एकेका इमारतीत अशी पाच-सात घरं सहज सापडतात. रस्त्याच्या अलीकडे शारजा, पलीकडे दुबई. मुलं चालत माझ्याकडे येतात. खालचा नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, त्यांना नावानिशी ओळखतो.

आता मुद्द्याचं. संयुक्त अरब अमिरातीत खासगी शिकवणी हे काम मानलं जातं आणि कामाला परवाना लागतो. डिसेंबर 2023 पर्यंत एकट्यादुकट्या शिक्षकाला असा परवाना सरळ मिळण्याची सोय नव्हती. सगळा मामला चोरीछुपे चालायचा. त्या महिन्यात तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून 'खासगी शिक्षक परवाना' सुरू केला. फी नाही, मुदत दोन वर्षं, अर्ज ऑनलाइन. शाळेत नोकरी करणारे शिक्षक, नोकरी नसलेले लोक, विद्यापीठातले विद्यार्थी, इतकंच काय, 15 ते 18 वयाची शाळकरी मुलंही अर्ज करू शकतात. चांगल्या वर्तणुकीचा दाखला, वैद्यकीय दाखला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आणि आचारसंहितेवर सही. नोकरीत असाल तर शाळेचं ना हरकत पत्र. अर्ज फेटाळला गेला तर सहा महिने थांबून पुन्हा करता येतो. मी 'नोकरी नसलेले' या गटात बसले. पेन्शनर बाईला उतारवयात बेरोजगार म्हणवून घ्यावं लागलं, पण परवाना मिळाला.

जाता जाता एक. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणीला मनाई आहे. तेव्हा अजून नोकरीत असलेल्या मंडळींनी तो लेख वाचून मे महिन्याचं तिकीट काढण्याआधी हेही ध्यानात घ्यावं. तिकडे शाळेच्या परवानगीने चालतं, इकडे चालत नाही.

व्हिजिट व्हिसा म्हणजे पाहुण्याचा व्हिसा, बहुधा तीस किंवा साठ दिवसांचा. त्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या कामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि विनापरवाना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड 1 लाख ते 10 लाख दिरहम झाला. हे आकडे मी लोकांना सांगते तेव्हा ते म्हणतात, 'बाई, घरातल्या घरात मुलं शिकवणाऱ्याला कोण पकडायला येतंय?' पकडायला कोणी येईल न येईल. माझी काळजी वेगळीच आहे.

माझ्या ओळखीच्या एक बाई बदलापूरच्या. विज्ञानाच्या उत्तम शिक्षिका, हाताखालून शेकडो मुलं गेलेली. एका कुटुंबाने त्यांना साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर दुबईला नेलं. तिकीट त्यांचं, राहणं-जेवण त्यांच्याकडे, दोन मुलांना रोज शिकवायचं, आणि निघताना ठरलेली रक्कम हातात. सगळं तोंडी. पहिला आठवडा छान गेला, बुर्ज खलिफाही खालून दाखवून झाला. मग नणंदेची मुलगी येऊन बसू लागली. मग तिच्या मैत्रिणीचा भाऊ. मग स्वयंपाकाची बाई रजेवर गेली आणि सकाळच्या पोळ्या यांच्याकडे आल्या. काही बोलायला जावं तर घरच्या मालकीण हसून म्हणायच्या, "मॅडम, तुम्ही काय परक्या आहात का? तुम्ही तर घरच्याच!" निघायच्या आदल्या रात्री हिशोब झाला तेव्हा तिकिटाचे आणि व्हिसाचे पैसे मानधनातून कापलेले. उरलं ते इतकं थोडं की त्यात येताना आणलेल्या खजुरांचाही खर्च धड निघाला नाही.

त्या बाई भांडखोर नाहीत, पण मुखदुर्बळही नाहीत. शाळेत संस्थाचालकांशी वाद घातलेली ती बाई तिथे गप्प बसली. का? तक्रार करायची कुणाकडे? कामगार खात्याकडे गेल्या असत्या तर पहिला प्रश्न आला असता, तुम्ही काम कोणत्या परवान्यावर करत होता? समोरच्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. पैशांपेक्षा मला लागतं ते हे, की परवाना नसलेल्या शिक्षकाला पालकांशी शिक्षक म्हणून बोलता येत नाही. 'आणखी मुलं घेणार नाही' म्हणता येत नाही, 'आज बरं वाटत नाही' म्हणता येत नाही. मुलगा अभ्यास करत नसला तर त्याच्या बापाला तसं तोंडावर सांगतानाही जीभ अडखळते, कारण बिछाना त्याच्या घरात आणि परतीचं तिकीट त्याच्या खिशात.

मी घरी जाऊन शिकवत नाही, मुलांना बोलावते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पालकांना चहाला बोलावून एका कागदावर सगळं लिहून दोघांच्या सह्या घेते. किती तास, किती वाजता, एका वेळी किती मुलं, फी कधी, मूल आलं नाही तर काय, मला जमलं नाही तर काय. दार उघडं राहील, मधल्या खोलीत माझी सून असते. एका मल्याळी आईला हे फार अवघड वाटलं होतं. तिचा नवरा मात्र कुठल्याशा कंपनीत करारमदार बघणारा. तो कागद वाचून म्हणाला, आमच्या ऑफिसातसुद्धा इतकं स्वच्छ लिहीत नाहीत. त्यांची धाकटी यंदा माझ्याकडे येतेय.

शिकवण्याबद्दल त्या लेखात एक ओळही नाही, याचंही मला आश्चर्य वाटलं. तिथली मुलं हुशार आहेत, हातात साधनं भरपूर, इंग्रजी फर्डं. अरबी शिकावी लागते ती वेगळीच. पण हाताने लिहायची सवय कमी. शिवाय काही मुलं ब्रिटिश अभ्यासक्रमातून मधेच सीबीएसईत आलेली असतात, पुढे जेईई द्यायची म्हणून. तिकडे काही पेपरांना कॅल्क्युलेटर चालतो, सीबीएसईच्या गणिताला चालत नाही. अशा मुलाला आठाने छप्पन्नला भागायला सांगितलं की त्याची बोटं टेबलावर काहीतरी शोधू लागतात.

गेल्या खेपेला एक मुलगा होता, मूळचा कोल्हापूरचा. समरूप त्रिकोणांच्या प्रत्येक उदाहरणात उत्तर बरोबर, मार्क अर्धे. वडील म्हणाले, शाळेचं चेकिंगच खराब आहे. मी वही पाहिली. तो त्रिकोण एबीसी आणि त्रिकोण पीक्यूआर समरूप असं लिहायचा, पण एचा जोडीदार क्यू आहे की पी, याकडे बघतच नव्हता. अक्षरं आपली वर्णमालेच्या ओळीत. बाजूंची गुणोत्तरं मात्र आकृतीकडे बघून बरोबर मांडायचा, म्हणून उत्तर जुळायचं. सांगून काही उपयोग होत नव्हता. मग सुपरमार्केटची पत्रकं घेतली, तिथे दाराखालून दर आठवड्याला ढीगभर येतात. आंब्याच्या ऑफरच्या पानातून एक मोठा त्रिकोण कापला, तांदळाच्या पानातून लहान. कोपऱ्यांवर नावं लिहायला लावली आणि लहान त्रिकोण मोठ्यावर ठेवायला सांगितलं. नुसता सरकवून बसेना. फिरवला, तरी बसेना. उलटा केला तेव्हा बसला. एच्या कोपऱ्यावर क्यू आला तेव्हा त्याने मान वर करून विचारलं, "टीचर, म्हणजे आधी क्यू लिहायचा?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, कागदाला विचार. त्यानंतर त्या धड्यावर मला फारसं बोलावं लागलं नाही. त्याच्या वडिलांना मी स्पष्ट सांगितलं, की शाळेचं चेकिंग बरोबर होतं. ते जरा नाराज झाले, पण पोरगं पुढच्या सोमवारी वेळेवर आलं.

(आंबा निघालाच म्हणून सांगते. आपला हापूस तोवर संपलेला असतो आणि तिथे पाकिस्तानी चौसा येतो. गोड आहे. याहून जास्त कौतुक मी रत्नागिरीचं माहेर असताना लिहिणार नाही.)

पैशांबद्दल थोडक्यात. मिळतात, बरे मिळतात, पण मुलगा तिथे असल्यामुळे मला घरभाडं नाही. खोली भाड्याने घेऊन, दोन महिन्यांसाठी जाऊन, विमानाचं सुट्टीतलं तिकीट काढून कुणाला वाटत असेल की गठ्ठा घेऊन परतू, तर त्यांनी आधी घरी बसून बेरीज-वजाबाकी करावी. ज्यांची मुलं तिथे आहेत, ज्यांना राहण्याचा व्हिसा मिळू शकतो, त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला आहे. त्यांनी जरूर जावं. वेळ सत्कारणी लागतो, नातवंडं भेटतात आणि खडूची खाज भागते.

आपल्याला एक विनंती. लेख ज्या अंकात आला, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत 'दुबईसाठी गणित-विज्ञान शिक्षिका पाहिजे, दोन महिने, राहणे-जेवणे मोफत, व्हिसा आम्ही काढू' अशी जाहिरात होती. खाली फक्त मोबाइल नंबर. व्हिसा कोणता, हे लिहिलेलं नाही. परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि नोंदणी झालेल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. अशी जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा. कुटुंब स्वतःच जाहिरात देत असेल, तर निदान व्हिसाचा प्रकार तरी लिहायला लावावा. वधू-वर जाहिरातींत आपण उंचीसुद्धा छापता, मग एवढं अवघड नसावं.

आणि ज्या शिक्षिका आजच तिथे अशा पेचात असतील, त्यांच्यासाठी दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे. त्याची हेल्पलाइन चोवीस तास चालते. बदलापूरच्या बाईंना हे परत आल्यावर कळलं. तो नंबर त्या लेखाखाली चौकटीत छापला असता तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी छापलात तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)